काळा पडदा, चालू टॅब

आमच्या शाळेत नियम पुष्कळ होते आणि ते पाळणारं कुणी नव्हतं. अपवाद एकाचा. सरांच्या टॅबला हात लावायचा नाही, हा नियम मात्र मुख्याध्यापकांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे पाळायचे. तो कुठे लिहिलेला नव्हता, सरांनी निव्वळ आवाजाच्या जोरावर बसवला होता. स्टाफरूममध्ये कुणी चहाचा कप टेकवायला म्हणून टॅब वीतभर सरकवला तरी सर कडाडायचे, "कोण हे? जिथं होता तिथं ठेवा. मी तुमच्या नाकावरला चष्मा सरकवतो काय?"

सरांना दिसत नव्हतं. पूर्वी दिसायचं. आधी दिवेलागणीनंतरचं गेलं, मग दोन्ही कडांचं गेलं, आणि मी तीर्थपुरीच्या त्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे कच्च्या नोकरीवर, विज्ञान शिकवायला रुजू झाले तोवर खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना कळायचं. त्यांचा विषय भूगोल. तुम्हाला आत्ता जे हसू आलं ते मलाही पहिल्या दिवशी आलं होतं. मी रोज अंबडहून एसटीने ये-जा करायचे; त्या दिवशी परतताना बसमध्ये मी घरच्यांना सांगण्यासाठी तो किस्सा मनात घोळवला होता, आंधळा माणूस नकाशा शिकवतो म्हणून. मग एकदा त्यांच्या तासाला मागे जाऊन बसले आणि तो किस्सा घरी सांगायचा राहूनच गेला.

त्यांनी गोणपाटावर महाराष्ट्र शिवला होता. नद्या सुतळीच्या, डोंगर चिंचोक्यांचे, जिल्ह्याच्या गावांना शर्टाची बटणं. जालन्याला मात्र कोटाचं मोठं बटण. विचारलं तर म्हणायचे, "आपलं हाय म्हणून." पोरांना एकेक करून पुढे बोलवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. "नाशकातून निघा. बोट उचलायचं न्हाई. गोदावरी धरून आपल्या शिवाराजवळून जा आणि राज्याबाहेर पडा. डोळे उघडले की परत नाशिक!" पन्नास पोरं श्वास रोखून एका बोटाकडे बघायची. पैठणपाशी कुणाचं बोट चुकून भलतीकडे वळलं तर सगळा वर्ग ओरडायचा. माझ्या तासाला कुणी इतकं जागं नसायचं, हे कबूल करताना मला आता काही वाटत नाही.

आपली नजर गेल्याचं सरांनी बरीच वर्षं लपवलं होतं म्हणतात. वह्या तपासताना बरोबरच्या खुणा पानाबाहेर बाकावर जायच्या आणि पोरं त्या गुपचूप पुसून टाकायची. मग एका बैठकीत ते आपणहूनच उभे राहिले. "मला दिसत न्हाई. मला शिकवता येतं. ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत, त्या एकात एक करू नका." एवढं बोलून खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "चहा आला का बघा बरं, मला दिसत न्हाई."

टॅबची गोष्ट याहून न्यारी. शाळेला कुठून तरी चार टॅब मिळाले होते आणि रीतीप्रमाणे ते कपाटात कुलपाखाली गेले होते. त्यातला एक मुख्याध्यापकांनी वापरायला काढला. काढताना दोन्ही कडांनी घट्ट धरला असेल, आवाज कमीजास्त करायची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली, आणि टॅब बोलायला लागला. ज्याला बोट लावावं त्याचं नाव सांगायचा, पण उघडायचा मात्र नाही. दिसणाऱ्या माणसाला ते मोठं वैताग आणणारं प्रकरण असतं. मुख्याध्यापक दोन दिवस बोटं आपटत राहिले, मग म्हणाले, "बिघडला हा. भूगोलवाल्यांना देऊन टाका, त्यांना काय, बोलतो तरी."

सरांनी तो रात्रभर उशाशी ठेवला आणि सकाळी प्रार्थनेआधी मला गाठलं. "मॅडम, बिघडलेला न्हाई हा! एकदा बोट लावलं की सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. एक बोट उजवीकडं सरकवलं की पुढची वस्तू. हे त्याच्यात पहिल्यापासूनच हाय, कंपनीनंच बसवलंय. वेगळं काहीच घ्यायचं न्हाई. आणि मला आजपर्यंत कुण्णी सांगितलं न्हाई!" शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. पाचसहा वर्षं त्यांनी बायकोकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं होतं, मुलाकडून फोन लावून घेतला होता, आणि हे सगळं प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये निजून होतं. आनंदाइतकाच त्यांना त्याचा राग होता. पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला ते विचारायचे, "तुमच्या घरी, शेजारी, कुणाला कमी दिसतं का? मंग त्याला अजून सांगितलं का न्हाई?"

टॅबमधला आवाज बाईचा होता. सर तिला 'बाई' म्हणायचे आणि तिची चाल त्यांनी इतकी वाढवली होती की आम्हाला नुसता पत्र्यावर पडणाऱ्या ज्वारीचा आवाज यायचा. त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळायचा. बाईला एकच गोष्ट जमत नव्हती. कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की ती म्हणायची, "चित्र." आणि आमच्याकडे तर सूचना, आदेश, वेळापत्रक, सगळंच कागदाचा वाकडा फोटो काढून टाकायची पद्धत. मग लगेच सरांचा आवाजी निरोप यायचा: "जय भीम, नमस्कार. आत्ता जे पाठवलं त्याला बाई चित्र म्हणून राह्यली. काय लिहिलंय ते टाइप करा. जल्दी न्हाई, पण करा." दिवसाला तीन, चार, पाच निरोप. एका शिक्षकाने आपल्या नव्या बाळाचा फोटो टाकला तर त्यालाही, "वर्णन लिहा." त्याने लिहिलं, 'बाळ.' सरांचं उत्तर: "बाळ कसं हाय? हसून राह्यलं का रडून? बराबर सांगा, आम्हालाही कौतुक करू द्या." आम्ही हसायचो. मुख्याध्यापकांना मात्र प्रत्येक आदेश पुन्हा टाइप करावा लागायचा आणि ते हसत नव्हते, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांची अजून एक खोड म्हणजे काळा पडदा. बोलणारा टॅब चालू ठेवून पडदा पूर्ण काळा करायची सोय त्याच यंत्रात असते, बॅटरी वाचते. सर स्टाफरूमच्या कोपऱ्यात एका कानात तार घालून काळ्या काचेवर बोटं फिरवत बसायचे, मधेच मान हलवायचे, मधेच हसायचे. एकदा शिपाईमामांनी मला दारात ओढून विचारलं, "मॅडम, सर येडे झाले काय हो? बंद पाटीवर बोटं घासून राह्यले अन् हसून राह्यले." मी त्यांना समजावून सांगितलं. चालू आहे मामा, फक्त पडदा काळा आहे, सरांना उजेडाचं काय काम. मीच सांगितलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

दर रविवारी सकाळी त्यांची व्हिडिओ बैठक असायची. जिल्ह्यातली सात-आठ डोळ्यांनी न दिसणारी माणसं. त्यात भोकरदनकडच्या धावड्याच्या एक ताई होत्या, त्यांना सरांनी दोन महिने रोज फोनवरून शिकवलं होतं: "एक बोट उजवीकडं सरकवा. काय म्हणली बाई? मंग अजून एकदा." एका रविवारी मीही त्या बैठकीला गेले. सगळे चौकोन काळे, एकट्या माझा चेहरा उजळलेला. कुणीतरी आत आलं की आठ घरांतल्या आठ बाया एकदम त्याचं नाव सांगायच्या. धावड्याच्या ताईंनी विचारलं, "नव्या मॅडमला ऐकू येऊन राह्यलं ना?" मी मान डोलावली. सगळे गप्प. मग सर म्हणाले, "मॅडम, मान हलवली असन तुम्ही. आमच्यात मान चालत न्हाई." सगळ्या बैठकीत हशा पिकला.

मग संस्थेचं पत्र आलं. दृष्टीअभावी अध्यापन शक्य आहे किंवा कसे, याबाबत. सेवेत असताना नजर गेलेल्याला काढून टाकता येत नाही, एवढा कायदा संस्थेला ठाऊक होता, म्हणून पगाराला धक्का नव्हता. फक्त वर्गात जायचं नाही. कार्यालयात एक टेबल मिळेल, तिथे बसायचं. कुणीही म्हणेल, बरंच झालं की, बसून पगार! स्टाफरूममध्ये दोघांनी तसं म्हटलंही.

सर त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसले. डबा उघडला नाही. "मॅडम, मी वर्गात असतो ना, तवा मला बिलकुल आठवत न्हाई की मला दिसत न्हाई. वर्ग गेला तर ते मला पहिल्यांदा कळंल." मी बर्नर पुसत राहिले.

त्यांनी अर्ज केला, एकदा माझं काम बघा. संस्थेने नेमलेल्या समितीने मान्य केलं. सदस्य वेगवेगळ्या शहरांत, तेव्हा सगळं व्हिडिओ बैठकीवर. सरांनी आपल्या टॅबवरून स्वतः बैठकीत यायचं, दहा मिनिटं धडा शिकवायचा, आणि कुणी प्रश्न लिहून पाठवला तर तो वाचून उत्तर द्यायचं. पत्रात एका ओळीखाली रेघ होती: कोणाच्याही मदतीशिवाय. सर खूश झाले. "ह्याच्याहून सोपं काय असतं? रोजचंच हाय."

तरी आम्ही दोन आठवडे तालीम केली. मी वर्गात माझा फोन घेऊन, ते प्रयोगशाळेत टॅब घेऊन. आल्यावर आधी माइक बंद आहे ना बघायचं, बाईला गप्प करून मग बोलायचं, लिहून आलेला प्रश्न तिच्याकडून एका कानात ऐकायचा आणि दुसऱ्या कानाने माणसांचं ऐकायचं. एकदाही चुकले नाहीत. मीच दोनदा चुकून बैठक बंद केली. शेवटच्या दिवशी म्हणाले, "तुमची तयारी कमी पडती मॅडम, माझी झाली."

परीक्षणाच्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. सरांनी टॅब स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला, बॅटरी पुरावी म्हणून पडदा काळा केला, कानात तार घातली. मला मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्येच साक्षीदार म्हणून बसवलं होतं. ते स्वतः शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर. मध्ये प्लायची भिंत, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

ठरल्या वेळेला सर आत गेले. पलीकडून लॅपटॉपमधून समितीतल्या कुणाचा तरी आवाज आला, "हं, दिसले. नमस्कार सर." सरांचं बोट काचेवर सरकत होतं, एकेक पाऊल उजवीकडे. चेहरा शांत. "सर, तुमचा आवाज येत नाही." बोट सरकतंय. "सर? ऐकू येतंय का?" मग दुसरा कुणी, "चालू तरी आहे का त्यांचं?" आणि कुणीतरी हसलं. ते हसणं माझ्या कानात शिरलं. मी सरांच्या टॅबकडे पाहिलं. काळा ठार. बंद पडला! ऐन वेळी बॅटरीने दगा दिला आणि या माणसाला ते कळलंही नाही, मेलेल्या काचेवर बोट फिरवतोय बिचारा. बिचारा. हाच शब्द माझ्या मनात आला. मी उठले, हात लांब केला आणि कडेचं बटण दाबलं. काही दिसेना म्हणून दाबून धरलं.

सर दचकले. "मॅडम?"

मग काचेवर कंपनीचं चिन्ह उजळलं आणि त्याचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच हायसं वाटलं की चला, वेळेवर लक्षात आलं.

"चालू होता, मॅडम," सर हळूच म्हणाले. "बैठक रेकॉर्ड करून राह्यले म्हणून पाटी आल्ती आडवी. आपल्या तालमीत ती कधी आली न्हाई. तिचं बटण हुडकत होतो. सापडलं होतं. दोनदा टिचकी मारायची राह्यली होती फक्त."

टॅब पुन्हा सुरू व्हायला, बाई जागी व्हायला आणि सरांना परत आत जायला चारेक मिनिटं गेली. त्यांनी ते सगळं एकट्याने, न चुकता केलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. पाटी आली, त्यांनी ती बाजूला केली, माइक चालू केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नमस्कार. आता धडा सुरू करतो." समितीचे अध्यक्ष फार सभ्य माणूस. म्हणाले, "असू द्या सर. त्रास घेऊ नका. आम्हाला कल्पना आली." समितीने शेवटचं जे पाहिलं होतं तो माझा बांगड्या भरलेला हात होता.

"साहेब, पाच मिनिटं," सर म्हणाले. "गोदावरी हाय, पाच मिनिटांत होती." बैठक संपली होती. बाईने ते त्यांना सांगितलं असणार, कारण त्यांनी कानातली तार काढली आणि तिची गुंडाळी करत बसले. ती नीट जमेना तरी करत राहिले.

त्याच दुपारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून टाइप केलेला कागद पुढे केला. 'परीक्षणादरम्यान उपकरण बंद पडल्याने संबंधित शिक्षकांना सहकाऱ्याची मदत घ्यावी लागली.' खाली 'प्रत्यक्षदर्शी' आणि रिकामी जागा.

"सर, टॅब बंद नव्हता. चूक माझी आहे, तसं लिहा."

"तुम्हाला काळा दिसला का न्हाई?"

"काळा दिसला, पण..."

"मंग! समितीलाही हात दिसला. ह्याच्यात खोटं कुठं हाय?" आणि मग अगदी मायेने, "तुमचं कायम व्हायचं प्रकरण पुढच्या वर्षी जाणार न्हाई का वर?"

मी सही केली. फार विचार केला असं म्हणायची सोय नाही. घरी लहान मुलगी होती, नवऱ्याचं काम सुटलं होतं, ही सगळी कारणं मी नंतर, बसमध्ये बसून गोळा केली. सही त्याआधीच झाली होती.

सर कार्यालयात गेले. खिडकीलगत एक टेबल, त्यावर काही नाही. ते बरोबर साडेदहाला येऊन बसायचे. पहिले काही दिवस पोरं खिडकीतून हाका मारायची, मग तिथे उभं राहू नये अशी सूचना निघाली. गोणपाटाचा महाराष्ट्र गुंडाळून कपाटावर टाकला, त्यातल्या चिंचोक्यांना उंदीर लागले. भूगोलाला नवे शिक्षक आले, ते पुस्तक वाचून दाखवत. सरांचे आवाजी निरोप थांबले, ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला तरी कुणी काही म्हणेना. रविवारची बैठकही त्यांनी सोडली. धावड्याच्या ताईंचा मला फोन आला, "भाऊ म्हणून राह्यले, तुम्हीच घ्या बैठक, माझ्यात काही राह्यलं न्हाई. तुम्ही सांगा ना त्यांना मॅडम, तुमचं ऐकतील." मी सांगते म्हणाले. सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

माझ्याशी मात्र ते पूर्वीसारखेच बोलायचे. त्याने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा रागावले असते तर मी सगळं ओकून टाकलं असतं. त्यांना ठाऊक होतं की हात माझा होता. कागदाचं मात्र ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले होते.

माझं कायम झालं त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. शाळा सुटायच्या सुमारास सर प्रयोगशाळेत आले. भिंतीला हात न लावता, सरळ माझ्या टेबलापर्यंत. खिशातून एक कागद काढला.

"अर्ज करून अहवालाची नक्कल मागवली होती," ते म्हणाले. "टॅबच्या कॅमेऱ्यासमोर धरली, बाईनं सगळी वाचून दाखवली. छापील तिला येतं आता. खाली 'प्रत्यक्षदर्शी' म्हणती आणि गप होती. हातानं केलेली सही तिला लागत न्हाई. तेवढी बघता का?"

मी कागद घेतला. मी मराठीत सही करते, पूर्ण नावाची, गोल अक्षरात, पोरांना कित्ता द्यावा तशी. दुपारचं ऊन खिडकीतून नेमकं कागदावर पडलं होतं. सर वाट बघत उभे होते, मान किंचित तिरपी करून, वर्गात पोरांचं उत्तर ऐकताना करायचे तशी. त्यांनी घाई केली नाही. बराच वेळ दिला मला.

"नीट दिसत नाही, सर," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. हात पुढे केला, मी कागद त्यात ठेवला. त्यांनी तो चार घड्या घालून खिशात सारला, अंबडची गाडी वेळेवर आहे का विचारलं आणि गेले.

त्यानंतर त्यांनी मला कधीच काही वाचायला सांगितलं नाही.